आल्प्सच्या वाटेवर, साखळ्यांसह

लंडनमध्ये राहणारी आपली मराठी कुटुंबंही आता हिवाळ्याच्या सुट्टीत मुलांना गाडीत बसवून फ्रान्सच्या आल्प्समध्ये स्कीइंगला जातात. समुद्राखालच्या बोगद्यातून गाडीसकट आगगाडीने पस्तीसेक मिनिटांत कॅले गाठायचं, पुढे दिवसभर महामार्ग. तो प्रवास सोपा. खरी कसोटी शेवटच्या घाटात.

२०२१ पासून फ्रान्समधल्या बहुतेक डोंगराळ भागांत १ नोव्हेंबर ते ३१ मार्च या काळात हिवाळी टायर हवेत, नाहीतर गाडीत बर्फाच्या साखळ्या तरी हव्यातच. निळ्या गोल पाटीवर साखळी घातलेलं चाक दिसलं आणि रस्त्यावर बर्फ असेल, तर साखळ्या चढवूनच पुढे जायचं. साखळी इंजिनाची ताकद मिळणाऱ्या चाकांना लावतात; बहुतेक छोट्या गाड्यांत ती पुढची असतात. थोडं अंतर गेल्यावर थांबून ती पुन्हा ताणून घ्यावी लागते, आणि वेग ताशी ५० किलोमीटरच्या आतच ठेवायचा. माझं कळकळीचं सांगणं आहे, निघण्यापूर्वी घराच्या अंगणात ती एकदा लावून बघाच. अंधारात, गोठलेल्या बोटांनी, मागे मुलं रडत असताना हे शिकायची वेळ नको.

शनिवार शक्यतो टाळा. मुक्कामाच्या खोल्या बहुधा शनिवारीच बदलतात, त्यामुळे आल्बेरव्हिलहून मूतिएकडे जाणाऱ्या रस्त्यावर गाड्यांची रांग लागते. गाडी डिझेलची असेल, तर टाकी डोंगराजवळच्या पंपावर भरा. तिथलं हिवाळी डिझेल थंडीत सहज घट्ट होत नाही.