कोळशाच्या पोटातील वायू



कामगार चळवळीतला माणूस व्यासपीठावर आला की तो बोनसवरच बोलणार, अशी समजूत दिसते. आज आम्ही वायूवर बोलणार आहोत. आमचे शालेय शिक्षण बेताचेच. जे कळले ते खाणीच्या तोंडाशी आणि उसन्या पुस्तकांतून.

आपल्या कामठी, सिलेवाडा, उमरेडकडचा कोळसा २५ कोटी वर्षांहून जुन्या दलदलीतील वनस्पतींचा. झाडे पाण्यात पडली, गाळाखाली दबली, हवा तुटली. हवा नाही म्हणून जिवाणू स्वस्थ बसत नाहीत. ते निराळ्या रीतीने कुजवतात आणि त्यातून मिथेन निघतो. गोबरगॅसच्या टाकीत हेच चालते. पुढे थरावर थर चढले. जमिनीत दर किलोमीटरला उष्णता साधारण २५ ते ३० अंशांनी वाढते. त्या आचेने कोळसा पक्व होतो आणि पुन्हा मिथेन सुटतो, या खेपेस जिवाणूंवाचून. दोन्ही वायू दिसायला सारखेच, म्हणजे दिसतच नाहीत! पण जिवाणूंच्या वायूत जड कार्बन, कार्बन-१३, कमी असतो. त्यावरून शास्त्रज्ञ त्याचे कूळ ओळखतात. १९७४ साली सापडलेल्या मुंबई हायच्या तेलाबरोबर येणारा वायू आचेच्या कुळातला.

बराच वायू निसटतो. उरलेला कोळशाच्या सूक्ष्म छिद्रांत दाबाखाली चिकटून राहतो. कोळसा तुटला, दाब सुटला, की तो बाहेर. आपला कोळसा झरियाच्या मानाने कमी पक्व, म्हणून वायूही कमी. येथेच घात होतो. ‘कमी’ याचा अर्थ ‘नाही’ असा लावतात. मिथेन हलका, छताशी साचतो. हवेत ५ ते १५ टक्के झाला की ठिणगी पुरे, आणि उडालेली कोळशाची धूळ तो स्फोट पुढे नेते. १९५८ साली चिनाकुरीच्या स्फोटात १७५ माणसे गेली, १९६५ साली धोरीच्या स्फोटात २६८.

आमच्या एका खाणीत पंखा रात्रभर बंद होता. पहाटे माणसे उतरायला आली, तर वायूच्या वहीत ‘निरंक’ लिहिलेले, शाई ओली, आणि तपासणीची बत्ती खुंटीवर! माणसे उतरली नाहीत. हजेरी कापली गेली. आमचे मागणे काय? बत्ती आधी खाली जावी, वही नंतर भरावी. तीन दिवस बोलणी चालली. चौथ्या दिवशी बत्ती खाली गेली. एका कोपऱ्यात अजून वारा पोचत नव्हता. तेथे ती छताशी धरली, तेव्हा बारीक केलेल्या ज्योतीवर फिकट निळी टोपी चढली. कापलेली हजेरी मिळायला मात्र आणखी दोन महिने लागले.