एक प्रत, अनेक घरं

नवी मुंबईतला ऐरोली, रबाळे, महापे हा एकेकाळी रसायनांच्या कारखान्यांचा पट्टा. आता त्यांच्याच शेजारी डेटा सेंटरच्या इमारती उभ्या राहिल्या आहेत. आत बऱ्याचदा एकच माहिती शेकडो यंत्रांना एकदमच हवी असते.

प्रत्येकाला वेगळी प्रत पाठवणं महाग, आणि कधी अन्यायाचंही. खाडीपलीकडे वांद्रे-कुर्ला संकुलातल्या राष्ट्रीय शेअर बाजारात भावांची क्षणाक्षणाची माहिती पूर्वी एकेका दलालाला क्रमानं जाई. आधी जोडला गेलेल्याला ती आधी मिळते, हा वाद पुढे बाजार नियामक सेबीपर्यंत गेला. 2014 मध्ये बाजारानं मल्टिकास्ट आणलं. यात प्रेषक एकच प्रत सोडतो. वाट फुटते तिथे राउटर किंवा स्विच तिच्या प्रती काढतो, त्याही फक्त मागणी नोंदवलेल्यांसाठी. अशा गटांचे पत्ते 224 ते 239 या आकड्यांनी सुरू होतात.

अडचण अशी, की सार्वजनिक इंटरनेट मल्टिकास्ट सहसा पुढे नेतच नाही. मग पाकिटात पाकीट! मूळ संदेश साध्या संदेशाच्या पोटात घालायचा, पलीकडे उघडायचा. व्हीएक्सलॅन ही त्यातलीच पद्धत. एकाच यंत्रणेवर वेगवेगळी आभासी जाळी चालवणाऱ्या जुन्या व्हीलॅनमध्ये 4094 जाळी मावत, इथे 1 कोटी 67 लाखांहून अधिक.

बाहेरच्या पाकिटाचे साधारण 50 बाइट मात्र वाढतात. वाटेतलं एखादं यंत्र 1500 बाइटच्या मर्यादेवरच अडून बसलं, तर छोटे संदेश सुखरूप जातात आणि मोठे मधेच गळतात. माझ्या मते हा बिघाड सर्वांत चकवणारा. पिंग, म्हणजे जोडणी तपासणारा छोटा संदेश, चालतं, म्हणून कुणाला संशयच येत नाही.