विडीचा पैसा आणि आपले आरोग्य



नागपूर-कामठीच्या कित्येक घरांची चूल विडीवर पेटली. मांडीवर सूप घेऊन आमच्या आयाबाया रात्री उशिरापर्यंत पाने कापीत, जर्दा भरीत, हजाराचा हिशेब धरीत. या मजुरांना बाबू हरदास एल. एन. यांनी संघटित केले. १९३७ साली ते आमदार झाले आणि १२ जानेवारी १९३९ रोजी, ऐन पस्तिशीत, क्षयाने गेले.

१९७६ साली केंद्राने विडीवर उपकर बसविला व त्यातून विडी कामगार कल्याण निधी उभारला. दवाखाने, मुलांच्या शिष्यवृत्त्या, घरबांधणीला मदत; पैसा कुठे जातो ते दिसत होते. ओढणाऱ्याच्या फुप्फुसाचा विचार मात्र त्यातही नव्हता! २०१७ साली जीएसटी आला, उपकर रद्द झाला. आता योजनांना अंदाजपत्रकातून मिळेल तेवढेच.

सप्टेंबर २०२५ मध्ये जीएसटी परिषदेने सिगारेटसाठी ४० टक्के दर ठरविला, विडीचा मात्र २८ वरून १८ वर आणला. गरिबाचे व्यसन स्वस्त ठेवणे ही गरिबावर दया आहे काय?

कर वाढला तर काम घटेल, ही विडी वळणाऱ्या बाईची भीती खरी आहे. तिला डावलून आम्हांला काही मागायचे नाही. म्हणून विडीवर सिगारेटइतकाच कर लावावा. पण त्यातला ठरावीक वाटा तोंडाच्या कर्करोगाची तपासणी, क्षयरोग्यांचा शोध आणि या बायांना दुसरा रोजगार, यांसाठी कायद्याने राखून ठेवावा, असा ठराव आम्ही या सभेपुढे मांडीत आहोत.