अपंगांचा पैसा : हक्काचा की मेहेरबानीचा?

(मंडळाच्या सभेत केलेल्या भाषणाचा मजकूर)



आपल्या सभांत सीमाप्रश्नावर बोलले जाते, आरक्षणावर बोलले जाते. आपल्याच गल्लीतल्या अपंगांच्या पैशाविषयी मात्र कोणी बोलत नाही. २०११ च्या जनगणनेत कर्नाटकात १३ लाख २४ हजार अपंगांची नोंद झाली. त्यांत आपल्या हुबळी-धारवाडची, आपल्या घरांतली माणसेही आहेत.

अपंगांच्या हक्कांचा नवा कायदा २०१६ साली संसदेत मंजूर झाला आणि एप्रिल २०१७ मध्ये लागू झाला. त्याच्या २४ व्या कलमात स्पष्ट म्हटले आहे की, इतरांसाठी असलेल्या तशाच योजनेपेक्षा अपंगांना किमान २५ टक्के जास्त मदत मिळावी. आता हिशोब पाहा. केंद्राची अपंग पेन्शन २०१२ पासून दरमहा ३०० रुपयेच आहे, म्हणजे दिवसाला १० रुपये. केंद्राची विधवा पेन्शनही ३००. मग कायद्याप्रमाणे अपंगांचे निदान ३७५ व्हायला नकोत काय? यात विधवा भगिनींच्या ताटातले ओढून घ्यायचे नाही. त्यांचेही वाढलेच पाहिजे. शिवाय कायदा ४० टक्के अपंगत्वापासून हक्क देतो, आणि केंद्राची ही पेन्शन ८० टक्के अपंगत्व असलेल्या दारिद्र्यरेषेखालील माणसालाच मिळते. आपल्या राज्याने २०२१ मध्ये ७५ टक्क्यांपर्यंतच्या अपंगांची पेन्शन ६०० वरून ८०० केली. त्याबद्दल आभार. पण ८०० रुपयांत महिन्याची औषधे तरी येतात का?

दुसरी गोष्ट याहून काळजीची. हा कायदा अमलात आणण्यासाठी केंद्राची एक स्वतंत्र योजना आहे. सरकारी कचेऱ्यांत रॅम्प, कौशल्य प्रशिक्षण अशी कामे तिच्यातून होतात. २०२२-२३ च्या अर्थसंकल्पात तिला २४० कोटी होते, २०२५-२६ मध्ये ११५ कोटी उरले. निम्म्याहूनही कमी! अपंगांच्या संघटनांनी यावर आवाज उठवला. उत्तर मिळते की, दिलेला पैसा खर्चच होत नाही. अहो, विहिरीला पाणी आहे पण रहाट नाही, म्हणून विहीर बुजवायची का? आधी रहाट बसवा.

मागितल्याशिवाय मिळत नाही, हे शेजारी महाराष्ट्रात दिसले. जून २०२५ मध्ये बच्चू कडू यांनी गुरुकुंज मोझरीला उपोषण केले. मागणी ६ हजारांची होती. सप्टेंबरमध्ये तिथल्या सरकारने अपंगांचे मानधन दीड हजारावरून अडीच हजार केले. मागणी पूर्ण झाली नाही, पण सरकार हलले.

तेव्हा आम्ही तीन गोष्टी सुचवतो. एक, मंडळाने खासदारांना आणि आमदारांना २४ व्या कलमाचा दाखला देऊन निवेदन द्यावे. दोन, स्थानिक संस्थांनी ५ टक्के निधी अपंगांसाठी राखून ठेवायचा असतो. महानगरपालिकेच्या वॉर्डांत तो कुठे खर्च झाला, याचा लेखी हिशोब मागावा. तीन, नाडकचेरीत पेन्शनचा अर्ज भरायला आपल्या तरुणांनी अपंगांच्या सोबत जावे, कारण तिथले कागद कन्नडमध्ये असतात आणि फेऱ्या मारणे अपंगाला सर्वांत महाग पडते.

कोणावर उपकार करायचे नाहीत. कायद्याने दिलेले पदरात पाडून घ्यायचे आहे. हा ठराव आजच व्हावा, एवढी विनंती करून आम्ही रजा घेतो.

जय हिंद.