सेनानी शेतकरी रुफस पुटनम

१७७६ मध्ये बोस्टनजवळच्या टेकड्यांवर रातोरात मोर्चेबंदी उभारून ब्रिटिशांना शहर सोडावयास लावणारे रुफस पुटनम हे अमेरिकन स्वातंत्र्ययुद्धातील सेनानी. युद्ध संपले, सैनिकांच्या हाती थकलेल्या वेतनाची, मोल घसरलेली रोखपत्रे तेवढी उरली. तीच देऊन पुटनम व त्यांच्या सहकाऱ्यांनी सरकारकडून जमीन घेतली आणि १७८८ मध्ये ४८ जणांनी ओहायो नदीकाठी मारिएट्टा वसविले. जंगल तोडावे, मका पेरावा, तोही लाकडी तटाच्या आश्रयाने! कारण ही भूमी शॉनी, डेलावेअर आदी मूळ रहिवाशांची होती. सरकारचे देणे असे तिसऱ्याच्याच जमिनीतून फिटले. त्यापायी १७९५ पर्यंत रक्तपात चालला. १८२४ मध्ये पुटनम मारिएट्टातच निवर्तले. त्यांचे राहते घर तेथील संग्रहालयात आजही उभे आहे.