फडावरची शिदोरी : ऊसतोड कामगारांसाठी सोप्या पदार्थांचे प्रात्यक्षिक
(चलथाण परिसरातील टोळ्यांच्या आहाराविषयीच्या भाषणाचा मजकूर)



उधना-जळगाव लोहमार्गावर उधन्याहून बारडोलीकडे जाताना चलथाण हे स्थानक लागते. सुरत जिल्ह्याच्या पलसाणा तालुक्यातील हे गाव तेथील सहकारी साखर कारखान्यामुळे खानदेशात सर्वांना परिचित आहे. याच लोहमार्गावर पुढे नवापूर येते. नवापूरच्या स्थानकाचा एक भाग महाराष्ट्रात आहे आणि दुसरा गुजरातेत. राज्याची सीमा जशी या फलाटावरून जाते, तशीच ती तोडणी कामगारांच्या संसारातूनही जाते. दिवाळी सरली की धुळे व नंदुरबार जिल्ह्यांतील आणि शेजारच्या डांगमधील कुटुंबे पोरेबाळे, भांडीकुंडी व शिधा घेऊन चलथाण, बारडोली, मढी, सायण, गणदेवी अशा कारखान्यांच्या क्षेत्रात उतरतात आणि उन्हाळा तापेपर्यंत तेथेच राहतात. त्यांचे घर महाराष्ट्रात व चूल गुजरातेत, अशी स्थिती वर्षातील पाच-सहा महिने असते.

या कामगारांचा हिशेब माणशी होत नाही, तो कोयत्यावर होतो. एक कोयता म्हणजे दोन माणसे, आणि बहुधा ती नवरा-बायको असतात. पुरुष ऊस तोडतो. स्त्री पाला सोलते, मोळी बांधते, ती डोक्यावरून वाहते आणि प्रसंगी स्वतःही तोडते. मात्र कोयत्यातील एका माणसाचा दिवस दुसऱ्याच्या आधी सुरू होतो. पहाटेच्या अंधारात उठून तीन दगडांच्या चुलीवर भाकरी थापणे, मुलांना उठवणे, पाणी आणणे आणि मग फडाची वाट धरणे हा स्त्रीचा नित्यक्रम आहे. दुपारची शिदोरी तिच्या झोपेतून निघते, ही गोष्ट आहाराविषयी उपदेश करणाऱ्या प्रत्येकाने प्रथम ध्यानात घेतली पाहिजे.

प्रश्नाचे गांभीर्य

२०१९ ते २०२१ या काळात झालेल्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार देशातील १५ ते ४९ वर्षे वयाच्या ५७ टक्के स्त्रियांच्या रक्तात लोहाचे तेज कमी, म्हणजेच पंडुरोग आढळला. महाराष्ट्रात हे प्रमाण ५४ टक्के व गुजरातेत ६५ टक्के होते. सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या बालकांमध्ये तर महाराष्ट्रात सुमारे ६९ आणि गुजरातेत सुमारे ८० टक्के बालके पंडुरोगी आढळली. हे आकडे सर्वसाधारण लोकसंख्येचे आहेत. ज्यांचे अंगमेहनतीचे काम सर्वांत जड आणि ज्यांची शिदोरी सर्वांत हलकी, त्यांची स्थिती याहून बरी असेल असे मानण्यास काहीही आधार नाही.

कारखान्याच्या आत काम करणाऱ्यांसाठी कायद्याने भोजनगृहाची तरतूद केली. १९४८ च्या कारखाने अधिनियमाच्या कलम ४६ मध्ये २५० हून अधिक कामगार असलेल्या कारखान्यांसाठी ती होती. २०२० च्या व्यावसायिक सुरक्षा संहितेत ही मर्यादा १०० कामगारांवर आणण्यात आली. परंतु उसाचा फड रोज बदलतो. तेथे भोजनगृह नसते, ताट नसते, पुष्कळदा सावलीही नसते. बांधावर बसून फडक्यातली भाकरी सोडणे हेच तेथील जेवण. म्हणून सुधारणा करावयाची ती त्या फडक्यातच करावी लागेल.

पदार्थ निवडण्याच्या कसोट्या

पाकप्रात्यक्षिकांचा आजवरचा अनुभव असा की, दाखवणाऱ्याचे कौशल्य दिसावे असे पदार्थ निवडले जातात. पनीर, सुका मेवा, कोबी-गाजराचे पुलाव, भट्टीत भाजावयाच्या वस्तू समोर मांडल्या जातात. पाहणाऱ्या स्त्रिया कौतुक करतात, चव घेतात आणि दुसऱ्या दिवशी पहाटे पुन्हा भाकरी व मिरचीचा ठेचा बांधतात. दोष त्यांचा नसतो. दाखवलेला पदार्थ त्यांच्या चुलीचा नसतो, एवढेच.

त्यामुळे प्रत्येक पदार्थ निवडताना पुढील पाच प्रश्न विचारावेत. त्यासाठी लागणारे जिन्नस शिध्याच्या पोत्यात, शिधापत्रिकेवर अथवा आठवडे बाजारात मिळतात काय? तो एका चुलीवर, एक तवा व एक पातेले यांवर होतो काय? सकाळी रांधलेला पदार्थ दुपारपर्यंत टिकतो काय? फडात, ताटवाटीवाचून, लहान मुलालाही तो खाता येतो काय? आणि अखेरचा, सर्वांत महत्त्वाचा प्रश्न : त्यासाठी बाईला आणखी लवकर उठावे लागते काय? या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर होकारार्थी आले, तर तो पदार्थ कितीही सकस असला तरी बाजूला ठेवावा.

या कसोटीवर काही चांगले पदार्थही मागे पडतात. मूगडाळीची खिचडी हे त्याचे ठळक उदाहरण. खिचडी पौष्टिक आहे आणि एका पातेल्यात होते. पण शिजलेला भात उन्हात पाच-सहा तास राहिला की त्यात विषारी जंतू वाढतात व पोट बिघडते. फेब्रुवारीनंतरच्या उन्हात तर हा धोका अधिकच. म्हणून खिचडी रात्रीच्या गरम जेवणासाठी ठेवावी, शिदोरीसाठी नव्हे.

निवडलेले पदार्थ

पहिला पदार्थ कळण्याच्या भाकरीचा. खानदेशाला तो शिकवण्याची गरज नाही, फक्त आठवण करून द्यावयाची आहे. चार मापे ज्वारीत एक माप सालासकट उडीद व थोडे मीठ घालून दळून आणले की कळणा तयार होतो. ज्वारीत शंभर ग्रॅममागे सुमारे १० ग्रॅम प्रथिने असतात, उडदात त्याच्या दुपटीहून अधिक. पण लाभ केवळ बेरजेचा नाही. तृणधान्याच्या प्रथिनांत जो घटक उणा असतो तो डाळींत भरपूर असतो, आणि डाळींत जो उणा असतो तो तृणधान्य पुरवते. दोन्ही एकत्र खाल्ली असता शरीराला त्यांचा उपयोग अधिक होतो. कष्ट मात्र एका भाकरीइतकेच, कारण वाढीव काम जात्यावर किंवा गिरणीत आधीच झालेले असते. नवापूर व डांगकडील कुटुंबांत नागलीची भाकरी प्रचारात आहे. नागलीत चुन्याचा, म्हणजे कॅल्शियमचा अंश शंभर ग्रॅममागे ३०० मिलिग्रॅमहून अधिक असतो. ती हलकी समजून सोडून देऊ नये. संयुक्त राष्ट्रांनी २०२३ हे वर्ष भरडधान्यांचे वर्ष म्हणून पाळले, ते याच गुणांमुळे.

दुसरा पदार्थ कोरड्या चटणीचा. भाजलेले शेंगदाणे, थोडे तीळ किंवा जवस, लसूण, मिरची आणि मीठ एकत्र कुटावे. रात्रीच्या भाकऱ्या झाल्यावर तवा गरम असतो, त्याच विस्तवावर दाणे भाजून घ्यावेत. ही चटणी आठवडाभर टिकते, पहाटे चूल मागत नाही आणि नुसत्या मिरचीच्या ठेच्यापेक्षा पोटाला आधार देते. मासळी खाणाऱ्या कुटुंबांनी आठवड्यातून एक-दोनदा भाजलेली सुकट कुटून ठेवावी.

तिसरा पदार्थ मोड आलेल्या मटकीच्या उसळीचा. सकाळी फडाकडे निघताना मटकी भिजत घालावी, सायंकाळी परतल्यावर पाणी काढून ओल्या फडक्यात बांधावी, दुसऱ्या दिवशी पहाटे फोडणीस टाकावी. थंडीत मोड यायला आणखी एक दिवस लागतो. मोड आल्याने मटकी लवकर शिजते, पचनास हलकी होते आणि तिच्यातील लोह शरीरास अधिक मिळते. उसळ सुकी ठेवावी. रस्सा वाटेत सांडतो व लवकर आंबतो.

चौथा पदार्थ पालेभाजी घातलेल्या घट्ट वरणाचा, आणि प्रात्यक्षिकाचा मुख्य भाग हाच असावा. रात्रभर भिजवलेली मूगडाळ किंवा तूरडाळ पहाटे पातेलेभर पाण्यात खळखळून उकळावी. त्यात हळद, मीठ व चिरलेली मेथी, हरभऱ्याचा किंवा शेवग्याचा पाला घालून आणखी उकळी आणावी. डाळ अर्धीकच्ची असतानाच पातेले घट्ट झाकून, विस्तवापासून दूर, कोरडे पाचट दाबून भरलेल्या टोपलीत ठेवावे व वरून गोणपाटाची घडी घालावी. पातेले भरलेले असेल आणि झाकण मध्येच उघडले नाही, तर आतल्या उष्णतेवर डाळ शिजत राहते. टोपली तशीच फडावर न्यावी. बाई ऊस सोलत असताना तिचे वरण शिजत असते. सरपण वाचते, पहाटेचा वेळ वाचतो आणि दुपारी ऊन ऊन घास मिळतो. जेवताना त्यावर लिंबू पिळावे किंवा सोबत आवळ्याची फोड खावी. आंबट फळांतील क जीवनसत्त्वामुळे पाल्यातील लोह अंगी लागते. जेवणाबरोबर चहा घेतल्यास नेमके उलट घडते, म्हणून चहा व जेवण यांत तासाभराचे अंतर ठेवावे.

पाचवा पदार्थ मुलांसाठी. भाजलेल्या दाण्यांचा कूट व गूळ यांचे लाडू वळून ठेवावेत. आईबाप मोळ्या वाहत असताना बांधावर बसलेले मूल दोन जेवणांच्या मध्ये भुकेले असते. त्याच्या हाती ऊस चघळायला असतोच, पण उसाने भूक मरते, अंग भरत नाही.

प्रात्यक्षिक कसे ठेवावे

ज्या दिवशी टोळीला तोडीची चिठ्ठी नसेल किंवा जो बाजाराचा दिवस असेल, त्या दिवशी दुपारनंतर प्रात्यक्षिक ठेवावे. ते पडावावरच, तीन दगडांच्या चुलीवर, त्यांच्याच भांड्यांत व्हावे. शेगडी व स्टीलची मापे सोबत आणू नयेत. मूठ, वाटी व ओंजळ हीच मापे वापरावीत. पडावावर अहिराणी, मावची, भिली व डांगची कोकणी बोलली जाते, तर तेथील अंगणवाडी सेविका बहुधा गुजराती बोलते. म्हणून सांगण्याचे काम थोडे व करण्याचे अधिक ठेवावे आणि टोळीतीलच एखाद्या जाणत्या बाईकडे पळी द्यावी. तिच्या हातचे पाहून शेजारीण जितके शिकते, तितके भाषणाने शिकत नाही.

आरंभीच वरणाचे पातेले उकळून सर्वांसमक्ष टोपलीत ठेवावे आणि मग इतर पदार्थ करावेत. कार्यक्रमाच्या अखेरीस टोपली उघडून वरण वाढावे. शंकेचे उत्तर त्या वाफेतच मिळते. प्रत्येक पदार्थाचा त्या दिवशीच्या बाजारभावाने होणारा खर्चही तेथेच मोजून दाखवावा. पुरुषांना मात्र वगळू नये. दळण आणणे, बाजारातून डाळ घेणे, पाणी भरणे ही कामे त्यांनी उचलली, तरच पहाटेचा भार हलका होईल.

प्रत्येकाचा वाटा

शिधापत्रिकेविषयी एक गोष्ट पुष्कळ कुटुंबांना अद्याप नीट ठाऊक नाही. ‘एक देश एक शिधापत्रिका’ या योजनेचा पहिला प्रयोग ९ ऑगस्ट २०१९ रोजी ज्या दोन जोड्यांत सुरू झाला, त्यांतील एक जोडी महाराष्ट्र-गुजरातची होती. अन्नसुरक्षा कायद्याखालील प्राधान्य कुटुंबाला माणशी दरमहा पाच किलो धान्य मिळते व जानेवारी २०२३ पासून ते विनामूल्य आहे. आधार जोडलेली नवापूरची पत्रिका पलसाणा तालुक्यातील दुकानातही चालते. धान्यावरील पैसा वाचला तर तो डाळीकडे वळवता येतो. गावातील तलाठी, ग्रामसेवक व पुरवठा कर्मचाऱ्यांनी ही माहिती टोळी निघण्यापूर्वी घरोघर पोहोचवावी आणि पत्रिकेतील त्रुटी दिवाळीआधीच दूर कराव्यात.

शिक्षकांचे कामही गावातच सुरू होते. दिवाळीपूर्वीच्या एखाद्या पालकसभेत कळण्याचे मिश्रण व पाचटाची टोपली दाखवता येईल. शेवग्याचा पाला तेव्हा मुबलक असतो. तो सावलीत वाळवून, चुरून पिशवीत भरला तर हंगामभर वरणात घालता येतो. कुटुंब ज्वारीचे पोते बांधतेच. त्यातच चौथा हिस्सा उडीद मिसळून नेला तर परमुलखात वेगळी खटपट उरत नाही. जाणत्या ग्रामस्थांनी व मुकादमांनी आपल्या टोळीपुरता एवढा आग्रह धरावा.

प्रात्यक्षिक यशस्वी झाले की नाही, हे टाळ्यांवरून ठरवू नये. दोन आठवड्यांनी अधिकाऱ्याने दुपारच्या वेळी फडावर जावे आणि किती फडक्यांत कळण्याची भाकरी आहे, किती टोपल्या बांधावर ठेवल्या आहेत, ते मोजावे. जेथे टोपली दिसणार नाही तेथे कारण विचारावे. पातेल्याला झाकण नसेल, डाळ महाग झाली असेल, वा पाणी दूर असेल. त्या उत्तरांवरूनच पुढच्या प्रात्यक्षिकाचे पदार्थ ठरवावेत.