नेत्रवैद्याचा शोध आणि सरकारी विमा

घरांतील वृद्ध माणूस वर्तमानपत्र खिडकीपाशीं नेऊन वाचूं लागतें, दिव्याभोंवतीं वलयें दिसतात म्हणून सांगतें, उंबरठ्याला ठेंचाळतें. आणि घरचीं माणसें 'वय झालें' एवढें बोलून स्वस्थ राहतात. पुढें एके दिवशीं दारांत उभा असलेला नातूच ओळखूं येईनासा होतो, तेव्हां धांवाधांव सुरू होते. अशा वेळीं नांदेड-लातूरकडील घरांतून पहिला प्रश्न निघतो तो हा: सरकारी विम्यावर उपचार करणारा डोळ्यांचा डॉक्टर कोठें मिळेल?

या विम्याचा आरंभ पाहण्यास नांदेड दूर नाहीं. राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना २ जुलै २०१२ रोजीं प्रथम आठ जिल्ह्यांत सुरू झाली, त्यांत मराठवाड्यांतील एकटा नांदेड जिल्हा होता. लातूरसह उरलेले जिल्हे नोव्हेंबर २०१३ मध्यें आले. २०१७ सालीं योजनेस महात्मा जोतिराव फुले यांचें नांव मिळालें. २०१८ सालीं निघालेली केंद्राची आयुष्मान भारत योजनाही पुढें तिच्याशीं जोडली गेली. पूर्वी लाभ मुख्यतः पिवळ्या व केशरी शिधापत्रिकेस असे आणि कुटुंबास वर्षाला दीड लाख रुपयांची मर्यादा असे. १ जुलै २०२४ पासून ही मर्यादा पांच लाख झाली व पांढरी शिधापत्रिकाही योजनेंत आली. तेव्हां 'तें गरिबांचें कार्ड, त्याचें या घरांत काय काम?' असें म्हणण्यास सुशिक्षित घरांना आतां जागा उरलेली नाहीं.

तथापि कार्ड हातीं आलें म्हणजे वैद्य हातीं आला, असें होत नाहीं. ही योजना रुग्णालयांशीं बांधलेली आहे आणि प्रत्येक रुग्णालय ठराविक शाखांपुरतेंच अंगीकृत असतें. ज्याच्या दारावर योजनेचा फलक आहे तेथें हृदयाचे उपचार मिळतील आणि डोळ्यांचे मिळणार नाहींत, असें सहज घडतें. शिवाय यादींत असलेलेच उपचार मिळतात, आणि त्यांतले कांहीं केवळ शासकीय रुग्णालयांकरितां राखलेले असतात. नुसती तपासणी करून चष्म्याचा नंबर काढणें व चष्मा विकत घेणें, हा खर्च विम्यांत धरलेला नाहीं.

म्हणून शोधाचा क्रम उलटा करावा. विमा कोठें चालतो हें नंतर. आधीं डोळ्याला झालें आहे काय, तें कळलें पाहिजे. त्यासाठीं नांदेडजवळ विष्णुपुरीस डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, लातुरांत विलासराव देशमुख शासकीय वैद्यकीय विज्ञान संस्था आहे आणि लातूरकरांना अंबाजोगाईचें स्वामी रामानंद तीर्थ महाविद्यालयही जवळ आहे. दुखणें साध्या मोतीबिंदूचें निघालें तर कार्डाचा प्रश्न बहुधा उद्भवतच नाहीं. कारण १९७६ सालीं सुरू झालेल्या राष्ट्रीय अंधत्व नियंत्रण कार्यक्रमाखालीं ही शस्त्रक्रिया सरकारी रुग्णालयांत विनामूल्य होते. सरकारी म्हणजे कमी प्रतीचें, असें ज्यांस वाटतें त्यांनीं लातूर जिल्ह्यांतील माकेगांवचे डॉ. तात्याराव लहाने आठवावे. मुंबईच्या सरकारी जे. जे. रुग्णालयांत त्यांनीं हजारों गोरगरिबांचे डोळे उघडले, आणि २००८ सालीं त्यांस पद्मश्री मिळाली.

पडद्याचें, पारपटलाचें किंवा दुसरें कांहीं दुखणें निघालें, तर वैद्याकडून उपचाराचें नांव कागदावर लिहून घ्यावें. मग १५५३८८ या क्रमांकावर, अथवा अंगीकृत रुग्णालयांतील आरोग्यमित्राकडे, तीन गोष्टी विचाराव्या: नेत्रशाखा या रुग्णालयाला मंजूर आहे काय, हा उपचार यादींत आहे काय, आणि तो शासकीय रुग्णालयाकरितां राखलेला तर नाहीं? शिधापत्रिकेवरील व आधारवरील नांव जुळतें कीं नाहीं, हें घरींच पाहून जावें. पूर्वमंजुरी शस्त्रक्रियेच्या आधीं मिळावी लागते. पैसे भरून झाल्यावर कार्ड पुढें केल्यास बहुधा हात हलवीत परतावें लागतें.

या शोधांत एक गोष्ट मात्र विसरूं नये. सर्वच नेत्ररोग सारखे थांबत नाहींत. मोतीबिंदू सामान्यतः कांहीं आठवडे वाट पाहूं देतो, आणि शस्त्रक्रियेनंतर दृष्टि बहुधा परत येते. कांचबिंदूनें गेलेली दृष्टि परत येत नाहीं. तो बहुधा वेदना न देतां कडेकडेनें नजर खात जातो. डोळ्यापुढें अकस्मात् पडदा ओढल्यासारखें झालें, किंवा डोळा लाल होऊन असह्य दुखूं लागला, तर यादी शोधीत बसूं नये. त्याच दिवशीं जवळचा नेत्रवैद्य गांठावा. तातडीच्या रुग्णास अंगीकृत रुग्णालयांत दूरध्वनीवरून मंजुरी मिळण्याची सोय आहे.

किनवट, देगलूर, निलंगा येथून एस्. टी. नें येणारा म्हातारा रुग्णालयाच्या दारांत कागद हातीं धरून उभा राहतो. त्या कागदावरील अक्षर त्याला दोन कारणांनीं वाचतां येत नाहीं: शाळा मिळाली नाहीं, आणि नजर उरली नाहीं. शहरांतल्या घरीं भांडीं घासणाऱ्या बाईची आई कदाचित् अशीच उभी असेल. तिच्यासाठीं एक दूरध्वनी करणें आणि तीन प्रश्न विचारणें, याला वैद्यकीची पदवी लागत नाहीं. लिहितां-वाचतां येणें पुरतें.